मुलाखत की बेकारांची विटंबना?

मुंबईतील कलिना भागात १६ जुलै २०२४ रोजी, विमानतळावर सेवा पुरविणाऱ्या एका सरकारी मालकीच्या कंपनीने सामानाची चढ-उतार करणाऱ्या कामगारांच्या भरतीसाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. जागा सुमारे २,२००, त्याही ठरावीक मुदतीच्या कंत्राटावरच्या. दारात मात्र १५,००० हून अधिक तरुण लोटले. बुलढाण्यासारख्या शेकडो किलोमीटर दूरच्या जिल्ह्यातूनही उमेदवार आले होते. हमालीच्या कामासाठी पदवीधर रांगेत उभे होते. तासन् तास तिष्ठल्यानंतर रेटारेटी झाली आणि अखेर अर्ज देऊन घरी जाण्यास त्यांना सांगण्यात आले. मुलाखतीचे बोलावणे सर्वांना होते. मुलाखत बहुतेकांच्या वाट्याला आलीच नाही.

त्याच महिन्यात गुजरातमधील अंकलेश्वर येथे एका खासगी कंपनीने हॉटेलात मुलाखती घेतल्या. दहाएक जागांसाठी हजारावर उमेदवार जमले आणि त्यांच्या रेट्याने प्रवेशद्वाराजवळचा कठडा कोसळला.

अशा घटनांनंतर ‘गैरव्यवस्थे’वर खापर फोडण्याची प्रथाच पडली आहे. हे निदान वरवरचे आहे. अर्जांची आधी छाननी करणे, प्रत्येकास दिवस व वेळ कळविणे, यांत अवघड असे काहीच नाही. तरीही ते होत नाही, कारण या अव्यवस्थेची किंमत मालकाला मोजावी लागत नाही. गाडीभाडे उमेदवाराचे, बुडालेली रोजंदारी उमेदवाराची, प्रमाणपत्रांच्या नकलांचा खर्चही त्याचाच. मालकाला हजारोंतून फुकट निवड करता येते. शिवाय दाराबाहेरची रांग दाखवून आतल्या कामगाराला गप्प बसविता येते. मार्क्सने ज्या राखीव औद्योगिक फौजेचे विश्लेषण केले, तिचा भांडवलाला होणारा उपयोग नेमका हाच.

कायदाही उमेदवाराच्या मदतीस येत नाही. १९५९ च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांवर रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचे बंधन घातले. तेथे नाव नोंदविलेल्यांतूनच भरती करण्याचे बंधन मात्र घातले नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही पळवाट बुजविली नाही. दुसरीकडे, केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ श्रेणीतील पदांसाठी मुलाखती बंद केल्या. अशा पदांसाठी मुलाखत अनावश्यक आहे, हे सरकारलाच मान्य असेल, तर ओझी वाहण्याच्या कामासाठी हजारोंना एका फाटकाशी का लोटावे?

यास्तव मागण्या स्पष्ट आहेत. छाननीनंतरच, ठरलेल्या वेळी उमेदवारास बोलवावे. बोलावणाऱ्याने प्रवासखर्च द्यावा आणि निकाल लेखी कळवावा. गर्दीत कोणास इजा झाल्यास जबाबदारी मालकाची मानावी. सरकारी आस्थापनांतील रिकाम्या जागा कंत्राटाने नव्हे, तर कायम स्वरूपात भराव्यात.

या मागण्या केवळ बेकारांच्या नाहीत. फाटकाबाहेरच्या तरुणाची असहायता हेच फाटकाआतल्या कामगाराविरुद्धचे हत्यार असेल, तर दोघांचा लढाही एकच असला पाहिजे. बेकार तरुण भीक मागत नाही. तो काम मागतो, आणि ते मागताना माणूस म्हणून वागविले जाण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.