बाग बघायची असते की खेळायची?

पितृपंधरवड्यातला शनिवार-रविवार. पाऊस ओसरलेला, ऊन अजून ऑक्टोबरसारखं चावरं झालेलं नाही, सोसायटीच्या गेटपाशी सकाळी पारिजातकाचा सडा. बायकोला दोन्ही दिवस ऑफिस होतं, त्यामुळे घरात मी आणि आमची वीस महिन्यांची लेक. मी ठरवलं होतं की दोन दिवस हिला मोबाइल दाखवायचा नाही. जमलं का, ते पुढे सांगतो.

शनिवारी सकाळी नऊला निघालो. महापालिकेची बाग घरापासून माझ्या पावलांनी पाच मिनिटांवर आहे. पण लेक आता कडेवर बसायला तयार नसते, तिला चालायचं असतं. म्हटलं, चल.

वीस महिन्यांच्या माणसाबरोबर चाललात की आपलं शहर खरं कसं आहे ते कळतं. फुटपाथची कड तिच्या गुडघ्याच्या वर. चढवलं, तर दहा पावलांवर डीपी. उतरवलं, तर पार्क केलेल्या दुचाकी. पुढे गणपतीच्या मांडवाचे खड्डे, अजून बुजवायचे राहिलेले. मग झाकण तुटलेलं चेंबर. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ सालची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. म्हणजे वीतभरसुद्धा नाही. आमच्याकडची कड सरळ दीड वीत. पाच मिनिटांच्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला. त्यातला निम्मा वेळ ती माझ्या कडेवर रडत होती, कारण खाली सोडायची माझी हिंमत होत नव्हती.

बागेत पोचलो तर हिरवळीला तारेचं कुंपण आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी. घसरगुंडी आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या मापाची. व्यायामाच्या यंत्रांपाशी हिची बोटं सापडतील म्हणून मीच लांब ठेवलं. शेवटी तिला कोपऱ्यात एक डबकं सापडलं. वरती चतुर उडत होते, कडेला वाळकी पानं पडली होती. पान पाण्यात टाकायचं, काढायचं, परत टाकायचं. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. साडेदहाला शिट्टी वाजली. बाग बंद. आता चार वाजता.

मी जरा चिडूनच विचारलं, “काका, दुपारी का बंद ठेवता?” काका म्हणाले, “उघडी ठेवली की पोरं बाटल्या घेऊन येतात, जोडपी बसतात. मग आजूबाजूचे तक्रार करतात. मी एकटा किती ठिकाणी बघू?” त्यांचं चूक नाही. एवढ्या बागेला एक माणूस. दुसरा माणूस ठेवण्यापेक्षा कुलूप स्वस्त पडतं, इतकाच हा हिशेब. त्या हिशेबात वीस महिन्यांचं मूल कुठेच नाही.

परत येताना एका बांधकामापाशी वाळूचा ढीग होता. तिथे एका मजूर बाईचा मुलगा, हिच्याच वयाचा, फुटक्या घमेल्यात वाळू भरत होता. लेक थेट जाऊन त्याच्याशेजारी बसली. भाषा दोघांनाही येत नाही, पण घमेल्याच्या वाटणीवरून भांडण झालं आणि मिटलंही. ती बाई माझ्याकडे बघून हसली, मीही हसलो. वीस मिनिटांनी मी माझी मुलगी उचलून घरी नेली. तिचं मूल तिथेच होतं, सळया आणि मिक्सरच्या मधे, संध्याकाळपर्यंत. आमच्या आख्ख्या भागात लहान मुलाला हात घालता येईल अशी वाळू बिल्डरची निघावी, आणि तीही दोन मुलांसाठी दोन वेगवेगळ्या अर्थांनी, हे मला अजून टोचतंय.

दुपार घरी. ओल्या शेंगा आणल्या होत्या. दाणे मी लांब ठेवले, टरफलं तिला दिली. पातेल्यात भरणं, ओतणं. गोधडीचा तंबू. बादलीत पेला बुडवणं. घरात मूल रमतं, नाही असं नाही. पण दोन खोल्यांत ते धावणार किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक-दोन वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हावी. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, दोन वर्षांच्या मुलाला फार तर तासभर. मान्य. पण तीन तास कुठे?

रविवारी चारच्या ठोक्याला बागेच्या गेटवर होतो. आमच्यासारखी आणखी चाळीसेक घरं तिथे. घसरगुंडीला रांग, मोठ्या मुलांचे धक्के. पाचला परतीचा पाऊस कोसळला. आडोशाला पत्र्याची शेडसुद्धा नाही. भिजून घरी. सहा वाजता खिचडी टाकायची होती, लेक पायाला लोंबकळून रडत होती. मी मोबाइल लावून दिला. वीस मिनिटं.

म्हणून आईबापांना उठता-बसता उपदेश करणाऱ्यांना विचारायचंय. मोबाइल दाखवू नका म्हणता, ठीक, मग दाखवायचं काय? “आमच्या लहानपणी नव्हतं बाबा असलं काही.” नव्हतंच. पण अंगण होतं, गल्लीत गाड्या नव्हत्या आणि घरात चार माणसं होती. ते सगळं गेलं, आणि त्याची भरपाई एकट्या आईच्या माथी मारली. मी दोन दिवस केलं तर शेजारी “वा, बाबा सांभाळतायत!” म्हणून कौतुक करतात. तिला कोणी विचारतही नाही.

बागा आणि खेळाची मैदानं हा कुणाचा उपकार नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत ते शहरी संस्थांच्या कामांच्या यादीतच आहे. त्याच वर्षी डिसेंबरात भारताने बालहक्क संहिता स्वीकारली, तिच्या ३१ व्या कलमात खेळण्याचा हक्क आहे. दिल्लीच्या ‘मास्टर प्लॅन २०२१’ मध्ये तर २५० लोकवस्तीमागे १२५ चौरस मीटरची, अगदी लहान मुलांसाठीची जागा धरली होती. म्हणजे कल्पना आपल्याकडच्या कागदावर आहे. कुणी मागत नाही, म्हणून जमिनीवर येत नाही.

मागणी फार मोठी नाही. बाग दुपारी उघडी ठेवा आणि त्यासाठी आणखी एक माणूस नेमा, त्यालाही रोजगार मिळेल. एका कोपऱ्यात माती, वाळू, सावली, पाण्याचा नळ आणि वर पत्रा. आणि बागेच्या गेटपासून निदान दोनशे मीटर फुटपाथ असा, की मूल स्वतःच्या पायांनी येईल. रंगीत कारंज्याला पैसे निघतात, मग याला का नाही? आणि ही वाळू त्या घमेलेवाल्या मुलासाठीही असेल, त्याला गेटवर कुणी अडवणार नाही.

मी वॉर्ड ऑफिसला या तीन गोष्टींचं पत्र लिहिलंय, सोमवारी नेऊन देणार आहे. तुमच्या भागातली बाग दुपारी बारा वाजता उघडी असते का? एकदा मुलाचं बोट धरून जाऊन बघा. कुलूप दिसलं तर तुम्हीही पत्र लिहा.