हजेरीपटातले सोमवार



मागच्या अंकात आपण एसटीच्या कंडक्टरकाकांना भेटलो. आज ज्यांना भेटायचंय त्यांना ना गणवेश, ना शिट्टी. हुद्दा मात्र भारदस्त : परिवीक्षा अधिकारी! जीभ अडखळली ना? माझीही अडखळली होती. प्रोबेशन ऑफिसर म्हणा हवं तर.

गेल्या वर्षी आमच्या सातवीतल्या एका मुलानं बाजारातून सायकल पळवली. वय वर्षं १३. नाव सांगणार नाही. कायद्यानंच मनाई आहे, आणि नसती तरी मी सांगितलं नसतं. एवढ्या मुलाला मोठ्यांच्या कोर्टात नेत नाहीत, बेड्या तर नाहीच नाही. त्याला बाल न्याय मंडळापुढे नेतात. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांत निदान एक बाई हवीच. मंडळाला नुसतं 'चोरी केली का?' एवढंच कळून भागत नाही. घर कसं, शाळा कशी, सोबत कुणाची, हे सगळं हवं असतं. ते दोन आठवड्यांत शोधून, लिहून द्यायचं काम या अधिकाऱ्यांचं.

तशा एक मॅडम शाळेत आल्या. खांद्याला झोळी, पायांत धुळीनं भरलेल्या चपला.

"बाई, मुलगा कसा आहे?"

"दांडीबहाद्दर आहे हो," मी पटकन बोलून गेले.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. म्हणाल्या, "हजेरीपट बघू?" बोट फिरवता फिरवता थांबल्या. "हा सोमवारीच कसा नसतो?"

सोमवार आमचा बाजाराचा दिवस. दिवाळीपासून वडील पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले, आणि हा कांद्याची पोती उचलत होता. शेजारच्या गावचा बाजार गुरुवारी. तिथं पहाटे हमाली करून शाळेच्या घंटेला परत यायचं, म्हणून सायकल! ते सगळे सोमवार मीच माझ्या हातानं 'गैरहजर' मांडले होते. एकदाही 'का रे?' म्हणून विचारलं नव्हतं.

मॅडमनी चोरीवर पांघरूण घातलं नाही बरं का. चोरीला चोरीच लिहिलं. पण सोमवारही लिहिले. मंडळानं चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर, वर्षभर मॅडमच्या देखरेखीखाली, त्याला आईवडिलांकडे सोपवलं. सायकल मालकाला परत मिळाली. वडिलांना सरकारी दवाखान्यात मॅडम स्वतः घेऊन गेल्या. दर महिन्याला त्या घरी येतात, शाळेत डोकावतात, वह्यासुद्धा बघतात.

गंमत म्हणजे या कामाची सुरुवात कुठल्या कचेरीत झाली नाही. १८४१ साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा बूट शिवणारा माणूस कोर्टात एका दारुड्याला जामीन राहिला. पुढे तो मुलांनाही जामीन राहू लागला. आपल्याकडे आता समाजकार्याचं शिक्षण घेतलेली माणसं ही नोकरी करतात.

मुलगा शाळेत परत आला त्या दिवशी त्याच्या बाकावर कुणीतरी खडूनं 'चोर' लिहिलं होतं. त्यानं काही न बोलता ते बाहीनं पुसलं. मी हजेरी घेतली. तो म्हणाला, "हजर, बाई." वार सोमवारच होता.

ते कुणी लिहिलं, हे मला अक्षरावरून कळलं. तो हे साप्ताहिक दर आठवड्याला वाचतो.

तुमच्या बाई