गिळलेल्या प्रकाशाचा हिशेब

एलसीडी पडदा स्वतः प्रकाश निर्माण करत नाही. मागच्या एलईडींचा प्रकाश तो जागोजागी कमीअधिक अडवतो आणि त्यातून चित्र उमटते. हे अडवणे जमण्यासाठी प्रकाशलहरींचे कंपन एकाच दिशेतले असावे लागते, म्हणून मागच्या बाजूला पोलरायझर बसवतात. नेहमीचा पोलरायझर ही आयोडीन मुरवून ताणलेली प्लास्टिकची फिल्म असते. ती एका दिशेचे कंपन पुढे सोडते आणि त्याला काटकोनात असलेले कंपन गिळून टाकते. त्याची उष्णता होते. चित्र तयार होण्याआधीच निम्मा प्रकाश असा वाया जातो. ही नासाडी अटळ नाही. ती रोखणारी फिल्म महागड्या उपकरणांपुरती राहू नये, असे माझे ठाम मत आहे.

तिच्यामागचे तत्त्व एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी १९८७मध्ये स्वतंत्रपणे व्यापक रूपात मांडले. पदार्थाचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाने ठरावीक अंतरावर बदलत ठेवला, तर काही रंगांच्या प्रकाशाला त्यातून वाटच मिळत नाही. तो परत फिरतो. अशी रचना म्हणजे फोटॉनिक क्रिस्टल. थरांच्या फिल्ममध्ये तो एकाच दिशेत रचलेला असतो. दोन पॉलिमरांचे शेकडो थर आलटून पालटून रचायचे आणि सगळी फिल्म एका बाजूने ताणायची. ताणाच्या दिशेत एका पॉलिमरचा अपवर्तनांक सुमारे १.८८पर्यंत चढतो, दुसऱ्याचा १.६४च्या आसपास राहतो. काटकोनातल्या दिशेत मात्र दोघांचे अंक जुळतात. त्यामुळे ताणाच्या दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाला प्रत्येक थर वेगळा भासतो आणि तो परावर्तित होतो; दुसऱ्याला थर जाणवतच नाहीत, तो सरळ पार जातो. परतलेला प्रकाश मागच्या पांढऱ्या पृष्ठभागावर विखुरतो, त्याच्या कंपनाची दिशा विस्कटते आणि त्यातला काही भाग पुढच्या फेरीत पार होतो. रंगद्रव्याला जे फक्त शोषून साधते, ते इथे नुसत्या रचनेने साधते. मला यातले खरे मोल तेच वाटते.

लाभ दुप्पट होत नाही, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक फेरीत थोडा प्रकाश हरवतो. तिरप्या प्रकाशासाठी परावर्तनाचा पट्टा सरकतो, म्हणून थरांची जाडी क्रमाने बदलत न्यावी लागते आणि खर्च वाढतो. पण हा खर्च एकदाच होतो, वीज मात्र रोज जळते. स्वतःच प्रकाश देणारे ओएलईडी पडदे सगळीकडे आल्यावर हा प्रश्नच उरणार नाही, असेही म्हटले जाते. ते पटत नाही. खोलीतल्या उजेडाची चमक मारण्यासाठी बहुतेक ओएलईडी पडद्यांवर वर्तुळाकार पोलरायझर असतो आणि तो पडद्याचाच निम्म्याहून अधिक प्रकाश खातो. तिथे परावर्तक फिल्म तशीच लावून चालत नाही, कारण ती बाहेरचा उजेडही परत फेकेल. त्यासाठी निराळी रचना शोधावी लागेल, आणि संशोधनाचा पैसा तिथे जायला हवा. ही बचत ग्राहकाला दिसायलाही हवी. टीव्हीवरचे स्टार लेबल वीजवापर सांगते, पण पडदा मंद ठेवूनही वीजवापर कमी दाखवता येतो. म्हणून एका वॉटमागे पडद्यातून प्रत्यक्ष किती प्रकाश बाहेर येतो, तो आकडाही त्याच लेबलवर छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे.