ताप उतरला, पण…

आपल्या आंदर मावळांत घरांतील एका मुलास ताप आला कीं बाकीचीं भावंडेंही पाळीपाळीनें अंथरूण धरतात. ताप उतरला, मूल खेळूं लागलें, म्हणजे दुखणें संपलें असें आपण समजतों. ही समजूत बहुधा खरीच असते. परंतु क्वचित् ती जिवावर बेतते.

जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाचा एक अवयव आहे. अन्न पचविणारा रस तो आंतड्यांत सोडतो व साखर आटोक्यांत ठेवणारें इन्शुलिन रक्तांत मिसळतो. गालगुंडाचा विषाणु कधीं कधीं या अवयवासही सूज आणतो. मग वरच्या पोटांत कळा येऊन वांत्या होतात. बहुतेक मुलें त्यांतून बरीं होतात. दुसरा एक विषाणु आहे, त्याचें नांव कॉक्सॅकी. १९७९ सालीं अमेरिकेंत मधुमेहानें दगावलेल्या एका मुलाच्या स्वादुपिंडांत तो सांपडला. अशा विषाणूंचा व मुलांच्या मधुमेहाचा संबंध पुढेंही अनेकदां दिसून आला. विषाणूशीं लढतां लढतां शरीर स्वतःच्याच इन्शुलिन करणाऱ्या पेशी मारूं लागतें, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

तेव्हां “पोरानें गोड फार खाल्लें” म्हणून मुलास दोष देणें, किंवा “बाहेरची बाधा” म्हणून अंगारा लावीत बसणें, या दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत. ताप येऊन गेलेला असो वा नसो, मुलास अतिशय तहान लागूं लागली, वारंवार लघवीस जावें लागलें, खाऊनही अंग झिजूं लागलें, तर त्याच दिवशीं रक्तांतील साखर तपासून घ्यावी. बोटांतील एक थेंब पुरतो. वांत्या व जोराचा श्वास सुरू झाल्यावर घटका घटका मोलाची असते, आणि खांडी-सावळ्याहून वडगांव कांहीं जवळ नाहीं.

१९२२ च्या जानेवारींत टोरांटो येथें चौदा वर्षांच्या एका मुलास इन्शुलिन टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशीं मुलें फार दिवस जगत नसत. आज तीं शिकतात, खेळतात, संसार करतात. औषध हातीं असतां केवळ आपल्या उशिरामुळें मूल गमवावें, हें आपणांस शोभत नाहीं.

सरकारी लसीकरणांत गोवर व रुबेला यांची लस मिळते, गालगुंडाची मिळत नाहीं. वास्तविक तिन्ही रोगांवरील लस पुण्यांतच तयार होते. ती गरिबाच्या मुलासही विनामूल्य मिळावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विद्यार्थिमित्रहो, धाकटें भावंड रात्रीं पुनःपुन्हां पाण्यासाठीं उठूं लागलें, तर त्याची थट्टा करूं नका. आईवडिलांस जागें करा.