शपथ म्हणाले असते तर…

गेल्या पावसाळ्यात वारसनोंदीच्या कामासाठी आत्याला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो होतो. मी झेरॉक्स काढून परत येतो, तोवर बाहेरच्या टायपिस्टने पुढे केलेल्या कागदावर आत्याची सही होऊनही गेली होती. वाचतो तर काय, दिवंगत धाकट्या काकांच्या मुलांची नावेच त्यात नव्हती आणि खाली ठळक वाक्य होते, ‘इतर कोणीही वारस नाहीत.’

कागद नव्याने करून घेतला. बसमध्ये आत्याने विचारले, ‘‘ॲफिडेव्हिट म्हणजे काय रे?’’ मी म्हटले, ‘‘मूळ लॅटिन शब्द. त्याने शपथ घेतली आहे, असा अर्थ.’’ आत्या चपापली. ‘‘शपथ म्हणाले असते तर चष्मा लावून वाचलं असतं की!’’

कागद मराठीत होता. अडली ती एका शब्दापाशी. कायद्याच्या भाषेत असे शब्द पुष्कळ आहेत. ‘सपीना’ म्हणजे ‘शिक्षेच्या धाकाखाली’, ‘ॲलिबी’ म्हणजे नुसते ‘दुसरीकडे’. ‘हेबिअस कॉर्पस’चा अर्थ ‘देह हजर कर’. सरकारने डांबलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे उभे करण्याचा हा आदेश. आणीबाणीत, १९७६ साली, तो मागण्याची वाटही सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी बंद केली. विरोधात उभे राहिले ते एकटे न्या. एच. आर. खन्ना. तो निकाल चुकीचा होता, हे न्यायालयाने २०१७ साली मान्य केले. दोन परके शब्द, पण त्यांवर हजारोंचे स्वातंत्र्य टांगलेले होते.

गंमत अशी, की ज्या इंग्लंडकडून आपण हे शब्द घेतले, तिथेच ते जड झाले. तिथल्या न्यायालयांच्या दप्तरातून लॅटिन १७३३ सालीच गेले. १९९९च्या नव्या नियमांनी दिवाणी न्यायालयांतला ‘सपीना’ही गेला आणि त्याच्या जागी साधे ‘साक्षीदाराचे समन्स’ आले.

वकीलमंडळी म्हणतात, या शब्दांना शतकांच्या निकालांनी नेमका अर्थ दिला आहे. ते खरेच आहे. पण मग मराठी प्रतिशब्द काढले की प्रश्न सुटतो का? राज्यघटनेच्या मराठी अनुवादात हेबिअस कॉर्पसला ‘देहोपस्थिती’ आणि सर्शिओरारायला ‘प्राकर्षण’ म्हटले आहे. आत्यासमोर ‘प्राकर्षण’ ठेवले काय नि सर्शिओराराय ठेवले काय, दोन्ही सारखेच! उलट वकील, जामीन, फिर्याद हे शब्द अरबी-फारसीतून आले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी हे शब्द टिकले. कारण ते लोकांच्या तोंडी रुळले होते.

म्हणून माझा आग्रह शब्द बदलण्याचा नाही, अर्थ सांगण्याचा आहे. वकिलांनी आपापसांत खुशाल लॅटिन बोलावे. पण ज्याची सही घ्यायची, त्याला कागद आधी मोठ्याने वाचून दाखवावा आणि ‘तुम्ही शपथेवर सांगत आहात’ हे साध्या मराठीत बजावावे. याला ना नवा कायदा लागतो, ना खर्च. लागतात फार तर पाच मिनिटे.

त्या पाच मिनिटांच्या अभावी त्या दिवशी दोन पोरक्या मुलांचा हक्क गेला असता, आणि तोही ज्या आत्याने त्यांना वाढवले, तिच्याच सहीने.