गोड बातमी केव्हा?

यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या परिचयाच्या एका घरी जाणे झाले. आरास, आंब्याची डाळ, पन्हे, सारे यथासांग होते. पुण्याहून चार दिवसांसाठी आलेली सून बायकांच्या ओट्या भरीत होती. भिजवलेले हरभरे पदरात घेता घेता एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, "काय गं, गोड बातमी केव्हा? पुढच्या चैत्रात तिघं या हं!" सारा दिवाणखाना हसला. सूनही हसली. आम्हीही हसलो आणि मग ओशाळलो. कारण काही वर्षांपूर्वी आमच्या भाचीस आम्ही हाच प्रश्न विचारला होता. त्याच महिन्यात तिचा गर्भपात झाला होता, हे आम्हांस पुढे वर्षभराने कळले.

मंडळी पांगल्यावर स्वयंपाकघरात पन्ह्याचे पेले विसळीत ती मुलगी आम्हांस म्हणाली, "काकू, मूल नको असं आम्ही म्हटलेलं नाही. हवंच, असंही अजून ठरलेलं नाही. केव्हा ते सगळे विचारतात. सांभाळणार कोण, हे कुणी विचारत नाही."

तिचे वय 33. लग्नास पाच वर्षे झाली आहेत. दोघेही नोकरीत, घरी पोहोचावयास रात्रीचे आठ वाजतात. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतीची भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु सत्ताविसाव्या आठवड्यात ते मूल कोणाच्या मांडीवर द्यावयाचे? केंद्र सरकारच्या नोकरीतील पित्यास 15 दिवसांची रजा आहे. खाजगी नोकरीत तेवढीही देण्याची कायद्याची सक्ती नाही. मुलीची आई वडोदऱ्यास शाळेत शिकविते, तिची नोकरी अद्याप पाच वर्षे आहे. सासूबाई इंदूर सोडू शकत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या सासूबाई 88 वर्षांच्या असून अंथरुणास खिळल्या आहेत. आपण आपली मुले शिकवून पुण्यास धाडली, त्याचा आपणांस अभिमानही आहे. त्यांच्यामागे आजी मात्र धाडता आली नाही.

पूर्वी वाड्यांतून हा प्रश्न पडत नसे, असे आपण म्हणतो. पडत नसे हे खरे. कारण उत्तर माजघरात बसलेले असे. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली एखादी आत्या चार भावांची मुले वाढवीत असे. तिला कोणी विचारले होते काय? त्या व्यवस्थेचे गोडवे गाताना आमची जीभ अलीकडे अडखळते.

दुसरी बाजूही आम्ही त्या मुलीपाशी झाकून ठेवली नाही. स्त्रीची बीजे जन्मतःच ठरलेली असतात. तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता हळूहळू आणि पस्तिशीनंतर अधिक वेगाने उतरते. कृत्रिम गर्भधारणेचे उपचार आहेत, पण ते गेलेले वय परत आणीत नाहीत. पुरुषाच्या वयाचाही परिणाम होतो, जरी हळदीकुंकवात त्याला कोणी विचारीत नसले तरी! पस्तिशीच्या आत वर्षभर आणि नंतर सहा महिने प्रयत्न करून गर्भ न राहिल्यास डॉक्टरांकडे जावे, आणि दोघांनीही जावे. ठरण्यापूर्वीच रक्त व थायरॉईड तपासून घेण्यात, गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून फॉलिक ॲसिड सुरू करण्यात काहीच तोटा नाही. थांबावयाचे तर हे ठाऊक असून थांबावे.

आणि नकोच असे ठरले तर? आपल्यास ते नवलाचे वाटू नये. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, 1927 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, आणि पत्नी मालतीबाईंसह स्वतः निपुत्रिक राहण्याचे ठरवून तसे राहिले. त्यांची सारी मते आम्हांस पटतात असे नाही. पण शंभर वर्षांपूर्वी एका मराठी जोडप्याने जे उघडपणे ठरविले, ते आज दिवाणखान्यात बोलावयाचीही चोरी असावी, याचे वाईट वाटते.

चार दिवसांनी त्या घरच्या सासूबाई आमच्याकडे आल्या. मुलगा व सून पुण्यास परतले होते. जाण्यापूर्वी रात्री तिघे प्रथमच या विषयावर बोलले. धाकट्या दिरांनी आजींना काही महिने नेले तर सासूबाई पुण्यास जाऊ शकतील. दिरांना अजून विचारावयाचे आहे. मुलाने आपल्या कचेरीत घरून काम करण्याचे विचारावयाचे आहे. आजवर ते त्याच्या मनातही आले नव्हते, असे त्याने कबूल केले. डॉक्टरांकडे दोघेही जाणार आहेत. दिवाळीपर्यंत काय ते ठरवितो, म्हणाले.

"आणि नको असं ठरलं तर?" आम्ही विचारले.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाईट वाटेल. ते मी लपवणार नाही, तिला तसं सांगितलंय. पण चैत्रगौरीला तिला कुणी विचारलं, तर मधे मी बोलेन."