अर्धरथी

मोरोपंतांचे आर्याभारत बारामतीत शिकवताना आमच्या मनात एक भाबडी अपेक्षा असते. पंत जन्मले पन्हाळ्याला, १७२९ मध्ये. पण बाबूजी नाईकांच्या आश्रयाने त्यांचे आयुष्य कऱ्हेकाठच्या या गावात गेले आणि १७९४ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही येथेच. ज्या गावात सगळे भारत आर्यावृत्तात उतरले, त्या गावच्या मुलांना ते अगदीच परके वाटू नये, एवढीच ती अपेक्षा. ती बहुतेक वेळा पुरी होत नाही. कधी झालीच तर भलत्या वाटेने होते.

गेल्या वर्षी संदर्भासाठी मूळ महाभारतातील उद्योगपर्वाकडे वळलो होतो. युद्धाच्या तोंडावर दुर्योधन भीष्मांना दोन्ही सैन्यांतील रथी-अतिरथींची गणना करायला सांगतो, तो भाग. भीष्म एकेक नाव घेतात आणि प्रत्येकाचे मोल सांगत जातात. कृतवर्मा अतिरथी. जयद्रथ दोन रथींच्या तोलाचा. पलीकडचा भीम तर आठ रथींच्या बरोबरीचा. इतके झाले आणि इंदापूरकडून रोज एसटीने येणारा एक विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, ही तर टिअर लिस्ट झाली."

वर्ग हसला. आम्हाला शब्दच कळला नव्हता, त्यामुळे हसावे की रागवावे हेही कळले नाही. तास संपल्यावर त्याने मोबाइल काढून समजावून सांगितले. त्यानंतर आम्ही काही महिने त्या प्रकाराकडे गांभीर्याने पाहिले, खेळूनही पाहिले (चाळिशीनंतर अंगठे किती जड होतात, याचा साक्षात्कार झाला तो वेगळाच), आणि आता आमचे असे मत बनले आहे की, समीक्षेचा धंदा करणाऱ्यांनी या याद्यांकडे तुच्छतेने पाहू नये. त्यांत जी चूक वारंवार होते ती आपल्याच घरची आहे.

खेळाचे नाव 'गेन्शिन इम्पॅक्ट'. २०२० च्या सप्टेंबरात तो आला. चार वीरांचा संघ बांधायचा आणि प्रसंगानुसार त्यांपैकी एकेकाला मैदानात उतरवायचे. प्रत्येक वीराचे एक महाभूत ठरलेले असते: जल, अग्नी, वायू, हिम, विद्युत, पाषाण, वनस्पती. दोन महाभूते शत्रूवर एकत्र आली की काही प्रक्रिया घडते. जल आणि हिम भेटले की शत्रू गोठतो, वगैरे. कोणी मुख्य प्रहार करणारा, कोणी त्याला बळ पुरवणारा, कोणी जखमा भरून काढणारा, अशा भूमिका असतात. साधारण दर तीन आठवड्यांनी एखादा नवा किंवा पुन्हा आलेला वीर मांडला जातो, पण तो सरळ विकत मिळत नाही. त्यासाठी सोडत काढावी लागते. पंचतारांकित वीर लागण्याची मूळ शक्यता शंभरात ०.६ इतकी. नव्वदाव्या सोडतीपर्यंत एक लागतोच; तो हवा तोच असेल, याची मात्र पहिल्या खेपेला खात्री नसते. पैसे न घालता खेळणारे मूल महिनोन्महिने साठवण करते आणि ती एका रात्रीत उधळते. म्हणूनच नवा वीर आला की त्याची कौशल्ये कशी आहेत, संघात त्याची जागा कोणती, याचे मूल्यमापन घाईने केले जाते आणि तितक्याच घाईने वाचले जाते. या मूल्यमापनावर कुणाची तरी वर्षाची पुंजी अवलंबून असते. आमच्या किती ग्रंथपरीक्षणांबद्दल असे म्हणता येईल?

सप्टेंबर २०२१ मध्ये कोकोमी नावाची नायिका आली. कथेत ती वातात्सुमी बेटाची पुजारीण आणि तिथल्या सेनेचे डावपेच आखणारी. तिचे महाभूत जल. तिच्या कौशल्यांत एक चमत्कारिक कलम होते. या खेळात प्रहार अधूनमधून मर्मावर बसतो आणि मग त्याचा आघात कितीतरी वाढतो. खेळणारे याला 'क्रिट' म्हणतात आणि वीराची किंमत प्रामुख्याने त्यावर करतात. कोकोमीच्या बाबतीत ही शक्यता थेट शंभर टक्क्यांनी घटवलेली होती. म्हणजे तिचा प्रहार मर्मावर बसणार नाही, हे जवळपास लिहूनच दिलेले. त्या बदल्यात जखमा भरण्याची तिची शक्ती पंचवीस टक्क्यांनी वाढवली होती. तिचे मुख्य कौशल्य म्हणजे पाण्याचा एक जेलीफिश. तो ठरावीक अंतराने शत्रूंना भिजवतो, जवळच्या साथीदाराला बरे करतो आणि ती स्वतः मैदानाबाहेर गेली तरी काही काळ तिथेच राहतो.

निकाल लगेच लागला. पुष्कळांच्या बाबतीत तर ती हाती येण्याच्या आधीच, आकडेमोडीवरून लागला: ही नायिका दुबळी आहे, केवळ जखमा भरणारे वीर स्वस्तात मिळत असता हिच्यावर पुंजी घालवू नये. आमच्या त्या विद्यार्थ्याने, तेव्हा तो शाळेत होता आणि टाळेबंदीत खेळायला शिकला होता, ती यादी प्रमाण मानून तिला सोडून दिले.

पुढे काय झाले ते रंजक आहे. पुढच्याच आवृत्तीत, ऑक्टोबरमध्ये, असे श्वापद आले की ज्याच्या हल्ल्याने मैदानातल्या वीराचेच नव्हे, सगळ्या संघाचे प्राण झिरपू लागत; ढालीचाही त्यापुढे उपयोग नसे. जखमा भरणाऱ्यांची किंमत एकदम वाढली. मग हळूहळू लक्षात आले की, शत्रूला सतत भिजलेले ठेवणारी ही बाई हिमाच्या वीरांशेजारी उभी केली की शत्रू गोठलेलाच राहतो, आणि गोठलेला शत्रू मारता येणे हे मर्मप्रहाराहून काही कमी नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये वनस्पतीचे महाभूत वीरांच्या हाती आले. जल आणि वनस्पती यांच्या संयोगातून जे स्फोट होतात, त्यांत मर्मप्रहाराचा हिशेब सहसा नसतोच. जे तिचे व्यंग म्हणून मोजले होते त्याला तिथे काही अर्थच उरला नाही. जिला सोडून द्या म्हटले गेले, तिलाच मग अनेक याद्यांत वरचे स्थान मिळाले. तिच्या कौशल्याचा मूळ आराखडा तोच होता. बदलले ते शेजार आणि शत्रू.

पहिल्या परीक्षकांची गणिते चुकली नव्हती. त्यांनी जे मोजले ते बरोबर मोजले. फक्त संघाची गोष्ट एकट्याच्या मापाने मोजली. आमच्या इंदापूर तालुक्यातल्या कबड्डीच्या मैदानावर ही चूक कुणी करणार नाही असे वाटते, पण तिथेही ती होते. टाळ्या चढाईला पडतात. कोपरारक्षक घोटा धरून ठेवतो आणि मध्यरक्षक येऊन अंग टाकतो, तेव्हा कुठे पकड पूर्ण होते; पण मध्यरक्षक एकटा मोजायला घेतला तर त्याच्या नावावर काय सापडणार? जाणकार प्रशिक्षक त्याच्याकडे पाहताना त्याच्या डाव्या-उजव्याला कोण उभे आहे हे आधी पाहतात.

आता भीष्मांकडे येऊ, कारण त्यांची यादी आम्हाला यापेक्षा फार प्रगल्भ वाटते, आणि तरीही तिने अनर्थ केला. भीष्म केवळ अस्त्रबळ मोजत नाहीत. अश्वत्थाम्याच्या धनुर्विद्येची ते मनसोक्त स्तुती करतात आणि मग म्हणतात की, याला मी रथीही म्हणत नाही आणि अतिरथीही नाही, कारण याला स्वतःचा जीव फार प्रिय आहे. स्वभावाचा हा हिशेब मोबाइलवरच्या कोणत्याही यादीत मांडता येणार नाही. मग कर्ण येतो. कवचकुंडले गेलेली, परशुरामांचा शाप, ब्राह्मणाचा शाप, शिवाय बढाईखोर आणि बेसावध, म्हणून अर्धरथी. द्रोण दुजोरा देतात.

यातले असत्य काय आहे? काहीच नाही, असे म्हणावे लागते. सतराव्या दिवशी चाक रुतते, अस्त्रे आठवत नाहीत. भीष्मांचा एकेक शब्द खरा ठरतो. पण ही गणना भरसभेत, सेनापतीच्या तोंडून, त्या वीराच्या समोर झाली. कर्ण संतापतो, भीष्मांवर फुटीचा आरोप करतो आणि ते जिवंत असेतो शस्त्र धरणार नाही म्हणतो. अठरांपैकी पहिले दहा दिवस कौरवांचा अर्धरथी शून्य रथी होऊन बसून राहिला. यादी करणारा जेव्हा स्वतःच संघात असतो तेव्हा त्याचे मूल्यमापन नुसते वर्णन राहत नाही. ते वीराच्या अंगावर टाकलेले एक अस्त्रच होते. कोकोमीला निदान आपली यादी वाचता येत नव्हती.

आणि भूमिकेचाच प्रश्न घेतला, तर महाभारतातले सर्वांत बोलके उदाहरण सारथ्यांचे आहे. निःशस्त्र कृष्ण अर्जुनाच्या वाट्याला आला आणि नारायणी सेना मिळाली म्हणून दुर्योधन संतुष्ट झाला. प्रहाराच्या मापाने तो बरोबरच होता. उलट भीष्मांनी ज्याला अतिरथी म्हटले तो शल्य कर्णाचे घोडे हाकायला बसला, आणि आधीच युधिष्ठिराला दिलेल्या शब्दाप्रमाणे त्याने कर्णाचा तेजोभंग करण्याचा उद्योग मांडला. एवढा मोठा योद्धा, चुकीच्या जागी बसवल्यामुळे, शत्रूच्याच कामी आला.

कौशल्य कसेही असले तरी योग्य संघात ते खुलतेच, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. तो भाबडेपणा झाला. मार्च २०२३ मध्ये याच खेळात देह्या नावाची अग्नीची नायिका आली. साथीदारांवरच्या आघाताचा काही वाटा ती स्वतःवर घेते आणि शिवाय प्रहारही करते. कथेत ती इतकी देखणी आणि दिलदार रंगवलेली की खेळाडू तिची वाट पाहत होते. हाती आल्यावर दिसले की, रक्षण करणाऱ्या कौशल्याचा आणि प्रहाराच्या कौशल्याचा मेळच बसत नाही; एक चालवावे तर दुसरे अडते. तिच्या बाबतीत परीक्षकांनी तक्रारीचा सूर लावला तो आम्हाला योग्यच वाटतो. कोकोमीच्या रचनेत एक गोष्ट काढून घेऊन दुसरी दिलेली होती, आणि ती देवघेव पाहणाऱ्याला दिसत होती. देह्याच्या रचनेत निर्णयच झालेला नव्हता. दोषाचे हे दोन प्रकार वेगळे ओळखता येणे, यालाच आम्ही परीक्षण म्हणू. कादंबरीतही हे लागू पडते: काही लेखक संवाद मुद्दाम कोरडे ठेवतात, काहींना ते जमत नाहीत, आणि घाईच्या परीक्षणात दोघांवर एकच शेरा पडतो.

त्या विद्यार्थ्याला कोकोमी पुढे मिळाली, सोडत पुन्हा निघाली तेव्हा. सहा महिन्यांची साठवण खर्चून. आता ती त्याच्या संघात कायमची आहे. भीष्मांबद्दल मात्र त्याचे आमच्याशी पटत नाही. त्याचे म्हणणे असे की, कर्ण दहा दिवस बसला यात यादीचा दोष नाही, रुसणाऱ्या वीराला अर्धरथीच म्हणायला हवे. आम्ही त्याला शल्याचे काय करणार म्हणून विचारले. तो म्हणाला, विचार करून सांगतो, आणि इंदापूरची गाडी लागली म्हणून पळाला.